पाणीनिर्णय बसवताना

सोनाळ्याच्या पाणीतपासणी केंद्रातल्या शोभाताईंनी एका सकाळी एक्सेलच्या सत्तावीस चौकोनांत स्वतःचं नाव टाइप केलं आणि मग मला फोन केला.

“भाऊ, कम्प्युटर माह्यं नाव इचारून राह्यला. मी टाकलं, तरी रिपोर्ट काही होऊन नाई राह्यला.”

मी तेव्हा नांदुऱ्याच्या केंद्रात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढत होतो. दोन-चार प्रश्न विचारल्यावर उलगडा झाला. एक्सेलला एखादं सूत्र ओळखता आलं नाही, की ते त्या चौकोनात इंग्रजीत ‘नेम’ असं लिहितं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकतं. ह्या नावाचं सूत्र मला माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शोभाताईंनी तो वाचला तसा घेतला. त्यानं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. सत्तावीस विहिरींच्या पाण्याचा निकाल काय, तर सत्तावीस वेळा ‘शोभा तायडे’.

हा किस्सा मी पुढे लग्नाकार्यात, एस. टी. स्टँडवर, कितीतरी जणांना सांगितला आणि दर वेळी हशा घेतला. त्याचा पुढचा भाग मात्र गिळत आलो. आता निवृत्त झालोय, कुणाला जाब द्यायचा नाही, आणि संपादकांनी ‘कामाचं काहीतरी लिहा’ असा लकडा लावलाय. तेव्हा ह्या वेळी पुढचा भागही लिहितो.

आमची संस्था पाणी तपासायची. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, पूर्णा नदीच्या अंगानं, खारपाणपट्टा आहे. वर जमीन काळी, कसदार. पण खाली खोदावं तर पाणी मचूळ लागतं. त्या गावांत पाहुणा म्हणून गेलात आणि चहा फाटला, तर यजमानीण दुधाला दोष देत नाही. डाळ शिजायला तिप्पट वेळ लागतो. आमची माणसं विहिरी, हातपंप, बोअर ह्यांचं पाणी बाटल्यांत भरून आणत, केंद्रात तपासत, आणि गावाला लेखी निकाल देत. अशी अकरा केंद्रं होती आणि बुलढाण्याला मुख्य प्रयोगशाळा. मी ह्या सगळ्यांचा कम्प्युटरवाला. नेमणूकपत्रावर पदाचं नाव भारदस्त होतं, पण अकराही ठिकाणी मला ‘कम्प्युटरवाले इंगळे’ असंच ओळखत. त्याआधी मोताळ्यात मुलांना टायपिंग शिकवायचो. दुसऱ्याच्या पत्रातल्या चुका शोधणं एवढीच माझी विद्या.

एका बाटलीतून दहा-बारा आकडे निघतात. क्षार किती, फ्लोराइड किती, नायट्रेट किती. पूर्वी केंद्रातली माणसं भिंतीवरच्या तक्त्याकडे मान वर करून बघत आणि एकेक आकडा ताडून निकाल लिहीत. संध्याकाळी पाचला मान दुखायला लागली की निकालही दुखायला लागत. आमच्या मुख्य रसायनतज्ज्ञ वानखडे मॅडम ह्यांना ते सहन होईना. कपाटातल्या काचेच्या नळ्या सोडून त्या एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, एक्सेलमध्ये आपलं स्वतःचं सूत्र लिहिता येतं म्हणतात, ते कसं? मला येत नव्हतं. त्यांनी एक जाडजूड पुस्तक मागवलं आणि आठ महिने जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताला नि पुस्तक दुसऱ्या हाताला ठेवून शिकल्या. त्यातून झालं ते ‘पाणीनिर्णय’.

त्यांनी ते मला दाखवलं ती दुपार मी विसरणार नाही. जुन्या नोंदवह्यांतले तीन हजार निकाल त्यांनी एका शीटमध्ये भरून घेतले होते. शेवटच्या रकान्यात ‘पाणीनिर्णय’ असं लिहून कंसात आकड्यांचे चौकोन दाखवले आणि ते सूत्र खालपर्यंत ओढलं. पडद्यावर ओळींमागून ओळी भरत गेल्या. पिण्यायोग्य. चालेल. पिऊ नये. पिऊ नये. चालेल. तीन हजार विहिरी एका श्वासात बोलल्या. जिथं जुन्या निकालात आणि नव्या निकालात फरक होता ती ओळ पिवळी होत होती, आणि पिवळ्या ओळी मोजक्या नव्हत्या. मॅडम चष्मा काढून पुसत राहिल्या. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, हे मला नंतर लक्षात आलं.

आता माझं काम सांगतो. हे सूत्र एका वेगळ्या फाइलीत राहतं. तिला अ‍ॅड-इन म्हणतात. म्हणजे एक्सेलच्या सोबतीला उघडणारी जोडफाइल. ती सोबत असली तर एक्सेलला पाणीनिर्णय कळतं, नसली तर ते ‘नेम’ म्हणून प्रश्न करतं. ती बसवायची रीत अशी, की फाइल संगणकावर आणायची, एक्सेलच्या पर्यायांत जायचं, तिथून अ‍ॅड-इनच्या यादीत, फाइल शोधायची आणि तिच्या नावापुढच्या छोट्या चौकोनात टिक लावायची. दोन मिनिटांचं काम. मी एस. टी. नं अकरा केंद्रं फिरलो, तीसेक संगणकांवर टिक लावली आणि बुलढाण्याला परत येऊन मॅडमना सांगितलं, झालं.

ते कधीच ‘झालं’ नसतं, हे मला माहीत नव्हतं. कुणी डेस्कटॉप आवरताना ती फाइल उचलून दुसरीकडे ठेवी. कुठं संगणक बिघडला की दुरुस्तीवाला सगळं पुसून नव्यानं भरून देई. कुठं दोन माणसं एकाच संगणकावर आपापल्या नावानं उघडत. एकाकडे पाणीनिर्णय चाले, दुसऱ्याकडे नाही, आणि दोघांचं भांडण होई. मग फोन यायचा, आणि मी पुन्हा एस. टी. त.

शोभाताईंचा तो फोन आला त्या आठवड्यात माझ्यामागे मोताळ्याचं काम होतं. मी त्यांना टाइप केलेली नावं पुसायला सांगितली. गुरुवारी येतो, म्हटलं. त्या म्हणाल्या, मॅडमला शीट तर उद्याच पाठवायची आहे. त्यावर मी जे बोललो ते शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात.

“मंग तोवर मागच्या महिन्याचं पाहून भरून टाका. विहिरी त्याच तर आहेत.”

त्यांनी तसंच केलं. मागच्या महिन्याचा निकाल बाजूला ठेवून एकेका विहिरीपुढे लिहीत गेल्या. गुरुवारी मी गेलो नाही. नंतरच्या गुरुवारीही नाही. अकराव्या दिवशी मॅडमचा फोन आला. सोनाळ्याच्या शीटमधल्या एका हातपंपाच्या ओळीवर त्यांची नजर अडली होती. नायट्रेटचा आकडा मर्यादेच्या अडीचपट, आणि पुढे निकाल: पिण्यायोग्य. निकालाचा कागद गावात जाऊन आठवडा झाला होता.

नायट्रेटचं पाणी मोठ्या माणसाला लगेच काही करत नाही. वरच्या दुधावरच्या तान्ह्या मुलाला मात्र ते घातक ठरू शकतं. रक्तातून प्राणवायू जायचा तो जात नाही, आणि मूल निळसर पडत जातं. हे मॅडमनी मला जीपमध्ये सांगितलं. आम्ही दोघं बुलढाण्याहून निघालो होतो. सोनाळ्याला शोभाताईंना घेतलं. हातपंपाच्या गावाचं नाव लिहीत नाही.

जीपमध्ये मॅडमनी मागे वळून शांतपणे विचारलं, की निकाल असा कसा भरला. शोभाताई खिडकीबाहेर पाहत होत्या.

“चुकलं मॅडम माह्याच्यानं.”

एवढंच म्हणाल्या. मीही पुढेच बसलो होतो. मी वळलो नाही. मध्ये एक गाव गेलं, मग दुसरं गेलं, आणि मी बोललो नाही.

गावात हातपंपाच्या जवळच्या घरांत शोभाताई पुढे झाल्या. बायांशी त्या बोलू लागल्या की पाच मिनिटांत कुणाच्या घरी काय आहे ते कळे. तिसऱ्या घरी सहा आठवड्यांचं मूल होतं. आईला अंगावर दूध नव्हतं म्हणून भुकटीचं दूध पाजत होती, हातपंपाच्या पाण्यात कालवून. पाणी ती नेमानं उकळत होती. उकळल्यानं नायट्रेट कमी होत नाही, उलट वाढतं. तिनं मूल दाखवलं. ओठांभोवती आणि नखांवर जांभळट छटा होती. ती म्हणाली, चार दिवसांपासून असंच दिसून राह्यलं, सासू म्हणते थंडी भरली. दाराच्या मागे खिळ्याला आमचा निकालाचा कागद अडकवलेला होता. शिक्क्यासकट.

मॅडमनी मूल आईच्या हातात नीट दिलं आणि तिला जीपमध्ये बसवलं. खामगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत शोभाताई त्या आईचा हात धरून होत्या. डॉक्टरांना मॅडमनी कारण सांगितलं, त्यामुळे शोधाशोधीत वेळ गेला नाही. औषध शिरेतून गेलं. आणि मग मी ते पाहिलं. पाऊण तासात त्या मुलाच्या ओठांवरचं जांभळं उतरत गेलं आणि गुलाबी रंग वर आला. मी आयुष्यात पडद्यावर खूप काही बदलताना पाहिलं आहे, पण असं नाही. दवाखान्याच्या भिंतीला टेकून मी तो रंग बघत राहिलो.

तिथल्याच ओसरीवर मी मॅडमना सांगितलं, की भरून टाका असं मीच म्हटलं होतं.

त्या मग म्हणाल्या, “इंगळे, तुम्हाला मी माफ करणारी कोण? पण एक सांगते. माझं सूत्र बरोबर होतं आणि तरी काही उपयोग झाला नाही. ते त्या संगणकावर आहे की नाही, हे कुणाच्या लक्षात राहण्यावर ठेवू नका. माणूस विसरला तरी ते तिथं असलं पाहिजे, असं काहीतरी करा.”

शोभाताईंशी मात्र मी पुढे महिनाभर बोललो नाही त्या विषयावर. शेवटी एकदा बळ करून विचारलं, की ताई, त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?

“तुम्ही सांगता का नाई, ते पाहून राह्यली होती,” त्या म्हणाल्या, आणि समोरची बाटली उचलून आत गेल्या.

त्यानंतर मी शिकायला बसलो. मॅडमसारखाच, जेवणाच्या सुट्टीत. बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सोपं करून सांगतो. विंडोजच्या आत रजिस्ट्री नावाची एक भली मोठी नोंदणी असते. कोणत्या प्रोग्रामनं उघडताना काय करायचं, कोणती फाइल कुठं शोधायची, अशा हजारो नोंदी. आपण बाहेर एखाद्या चौकोनात टिक लावतो, तेव्हा आत कुठंतरी एक ओळ लिहिली जाते. एक्सेल बंद असताना ती ओळ आपण थेट तिथं लिहिली, तर टिक आपोआप लागलेली असते. आणि ओळ लिहिण्याचं काम माणसानंच करावं असं नाही. साध्या नोटपॅडमध्ये आज्ञा लिहून ठेवायच्या: ही फाइल तिथून घे, इथं ठेव, ही ओळ नोंदव. त्या आज्ञांच्या फाइलीला स्क्रिप्ट म्हणतात. ती चालवली की संगणक वरून खाली एकेक आज्ञा पाळत जातो. विसरत नाही, एस. टी. चुकत नाही, गुरुवार म्हणून दुसरा गुरुवार करत नाही.

ती ओळ पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी थक्क झालो. रजिस्ट्रीतल्या एक्सेलच्या पानावर ‘ओपन’ अशी एक नोंद, आणि तिच्यापुढे फाइलीचा पत्ता. बस. तीस संगणकांसाठी मी जिल्हाभर पायपीट केली, ती सगळी एवढ्या एका ओळीसाठी होती. दुसरी जोडफाइल असेल तर तिची नोंद ‘ओपन-एक’, तिसरीची ‘ओपन-दोन’. एक्सेलच्या प्रत्येक आवृत्तीचं पान वेगळं, आणि पानांना आकडे. बारा, मग चौदा, पंधरा, सोळा. तेरा नाहीच. अशुभ म्हणून गाळला, असं ऐकलं. आमच्या जिल्ह्याचे तालुकेच तेरा. मी तेराचं पान शोधण्यात एक आख्खी दुपार घालवली होती.

पहिल्या स्क्रिप्टनं मला नाकीनऊ आणलं. मी ओळ लिहायचो आणि ती नाहीशी व्हायची. आठवडा गेल्यावर कळलं, की एक्सेल उघडं असताना लिहिलं तर ते बंद होताना आपल्या मनातलं जुनंच परत लिहून जातं, आणि माझं पुसतं. शिवाय ही नोंद माणसागणिक वेगळी. एकाच संगणकावर दुसऱ्यानं आपल्या नावानं उघडलं, की त्याची नोंदणी निराळी. दोन्हीवर तोड एकच निघाली. माणूस संगणक सुरू करून आपलं नाव टाकतो त्याच क्षणी स्क्रिप्ट चालवायची. तेव्हा एक्सेल उघडलेलं नसतं, आणि नोंदणी त्याच माणसाची असते. मुख्य प्रयोगशाळेच्या सामायिक फोल्डरमध्ये मॅडमची नवी फाइल आली असली तर ती उतरवून घ्यायची, सगळ्या संगणकांवर एकाच पत्त्यावर ठेवायची, ओळ लिहायची, आणि झालं की मला एका यादीत कळवायचं. जमलं तेव्हा मी टेबलावर हात टेकून दोन मिनिटं नुसता बसून होतो.

दहा केंद्रांवर ती चालली. सोनाळ्याला चालेना.

तिथं जायचं तर दिवस जाणार, आणि मला कोडं फोनवरच सोडवायचं होतं. थोडा अहंकारही होता. चार दिवस मी शोभाताईंना हे दाबा, ते उघडा असं सांगत राहिलो. फाइल जागेवर होती. ओळ लिहिलेली होती. पत्ता बरोबर होता. तरी एक्सेल ‘नेम’ म्हणत होतं. ह्या वेळी शोभाताई निकालाच्या रकान्यात काही लिहायला तयार नव्हत्या. आकडे फोनवर मॅडमना वाचून दाखवत आणि निकाल लिहून घेत. चौथ्या दिवशी मी त्यांना रजिस्ट्रीचं ते पान उघडायला लावलं आणि म्हटलं, जे दिसतं ते अक्षर न् अक्षर वाचा. इंग्रजी त्यांना बेताचं येई. बोट ठेवून वाचत होत्या. ओपन, पुढचा पत्ता. ओपन-एक, पुढचा पत्ता. ओपन-तीन, आणि पाणीनिर्णयचा पत्ता.

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “सगळं बरोबर आहे, ताई. मलेच समजून नाई राह्यलं.”

त्यांनी त्या तीन ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग त्यांनी विचारलं,

“भाऊ, दोन कुठं गेला?”

मी म्हटलं, काय?

“एक झाला, मंग तीन. मधातला दोन काऊन नाई? आम्ही बाटल्यांले नंबर टाकतो, तवा मधातला नंबर सुटला तर तपासणारे राऊतभाऊ तिथंच थांबते. पुढची बाटली घेतच नाई. हे बी तसंच थांबत असन.”

त्या म्हणाल्या ते तसंच होतं. एक्सेल ओपन वाचतं, ओपन-एक वाचतं, ओपन-दोन शोधतं, सापडला नाही की यादी संपली असं समजून थांबतं. तीनपर्यंत जातच नाही. सोनाळ्याच्या संगणकावर मराठी तारीख लिहिणारी एक जुनी जोडफाइल होती, तिचा नंबर दोन. माझ्या स्क्रिप्टनं आधी मोजणी करून पाणीनिर्णयला तीन नंबर दिला, आणि नंतर ती निरुपयोगी जुनी फाइल काढून टाकली. मधली जागा रिकामी राहिली. इतर कुठं ती फाइल नव्हती, म्हणून इतर कुठं अडलं नाही. मी चार दिवस जाडजूड पुस्तकं चाळत होतो. बाटल्यांना नंबर टाकणाऱ्या एका बाईनं तिला न कळणाऱ्या भाषेतल्या तीन ओळी ऐकवता ऐकवता ते पाहिलं. मोठमोठ्या कंपन्यांतल्या इंजिनीयरांशी पुढे माझा संबंध आला. पण अक्कल कशाला म्हणावी हे मला त्या फोनवर कळलं.

मी त्यांना एक्सेल बंद करून ओपन-तीनचा आकडा खोडून दोन करायला सांगितलं. त्यांनी केला. मग एक्सेल उघडायला सांगितलं. कीबोर्डचा आवाज आला, मग त्या हळूच वाचायला लागल्या: पिऊ नये, चालेल, चालेल, पिण्यायोग्य. मी त्यांना थांबवलं नाही. सत्तावीसच्या सत्तावीस ऐकले.

त्या सोमवारी मी साडेदहाला बुलढाण्याला मॅडमच्या शेजारी बसलो होतो. केंद्रं उघडायची वेळ. यादी समोर उघडी होती. पहिली ओळ मेहकरची आली. मग नांदुरा. मग लोणार, चिखली, मोताळा, एकेक करत. प्रत्येक ओळ म्हणजे कुठंतरी कुणीतरी खुर्ची पुढे ओढली, आपलं नाव टाकलं, आणि त्याला काही कळायच्या आत मॅडमचं शहाणपण त्याच्या संगणकात जाऊन बसलं. मी कुठल्या गाडीत चढलो नव्हतो. सोनाळ्याची ओळ शेवटी आली. मॅडम म्हणाल्या, आज शोभाला उशीर झाला वाटतं. त्या दिवशी त्यांनी डबा माझ्याबरोबर खाल्ला.

ते मूल आता शाळेत जातं. त्याची आई शोभाताईंना सणाला बोलावते. मला बोलावत नाही. तिला माझं नाव माहीत असायचं कारणही नाही.

शेवटचं एक सांगायचं राहिलं. मॅडम निवृत्त होऊन अमरावतीला गेल्यानंतरची गोष्ट. एका दुपारी शोभाताईंचा फोन आला, की पाणीनिर्णय बिघडला. म्हणाल्या, आमच्याच गावच्या विहिरी आहेत. आकडे तेच, पाणी तेच. गेल्या महिन्यापर्यंत सगळ्या विहिरींपुढे ‘चालेल’ होतं, आज सगळीकडे ‘पिऊ नये’ आलं. मी यादी पाहिली. स्क्रिप्ट ठीक होती, फाइल जागेवर होती. माझी मती चालेना, म्हणून अमरावतीला फोन लावला.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या गावाला नळाचं पाणी आलं का? आलं होतं. दूरच्या धरणाची पाइपलाइन महिन्यापूर्वी पोचली होती. मग त्यांनी समजावलं. क्षारांच्या बाबतीत मर्यादा दोन असतात. एक खरी, आणि एक सैल. जिथं पिण्याचं दुसरं कुठलंच पाणी नाही तिथल्यासाठी. ज्यांच्याकडे दुसरं नाही त्यांना पिऊ नका म्हणून सांगून काय करणार? शीटमध्ये एक रकाना होता, ‘दुसरं पाणी’. शोभाताईंनी त्या महिन्यात तिथं पहिल्यांदा ‘आहे’ असं भरलं होतं. सूत्रानं सैल मर्यादा सोडून खरी धरली. ते बिघडलं नव्हतं. ते मॅडमनी लिहून ठेवल्याप्रमाणे इतकी वर्षं थांबलं होतं.

मी हे शोभाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे पाणी पयल्यापासून असंच होतं. मी हो म्हटलं.

त्यांच्या यजमानांची किडनी गेलेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेत. पाण्यामुळेच झालं असं कुणी डॉक्टर छातीठोक सांगत नाही, आणि मीही सांगणार नाही. त्या दिवशी शोभाताईंनी आपल्या घरच्या विहिरीच्या निकालाचं एक पान छापलं आणि घरी नेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहितो.

“ह्यांले वाचून दाखवलं. ते म्हनले, इतके वर्सं त्या कम्प्युटरनं आपल्याले सांगितलं काऊन नाई? मी म्हनलं, सांगून आपुन काय पेलो असतो?”

मग त्यांनी मला विचारलं, की पाइपलाइन अजून कोणकोणत्या गावांना पोचली त्याची यादी कुठं मिळेल. दुपारपर्यंत ती मिळवून त्यांनी एकेका गावापुढे ‘आहे’ भरायला सुरुवात केली.